वाढवलेले पाय

१

रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायचं. सोमवारी, आणलेली वस्तू असेल तर ती धुऊनपुसून तिची मापं घ्यायची. मंगळवारी कागद ताणून बसवायचा आणि तिचं पूर्ण आकाराचं ड्रॉइंग काढायचं. आई गेल्यापासून माझा आठवडा असा होता. बुधवार ते शनिवार काय करायचं, हे मला कधी नीट सुचलं नाही.

आर्किटेक्चरच्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. १९८४ साली निवृत्त झाले आणि कर्वेनगरच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागले. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर त्याची रोज आठवण करून द्यायला घरात कोणीतरी होतं.

मला नाद खुर्च्यांचा. त्याही स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडकडच्या, १९३०च्या आसपास वास्तुविशारदांनी स्वतः काढलेल्या. त्या लोकांचा हट्ट असा की घर आपण बांधलं तर आतली खुर्चीसुद्धा आपणच काढायची. नक्षी नाही, मखमल नाही. बर्चचं पांढुरकं लाकूड वाकवून घ्यायचं आणि शरीर जिथं टेकतं तिथंच तेवढं ठेवायचं.

अशा खुर्च्या पुण्यात कुठून येणार, असं लोक विचारत. पन्नास-साठच्या दशकात इथं परदेशी कारखाने आले, त्यांच्याबरोबर तिकडचे इंजिनिअर आले आणि त्यांचा संसार बोटीनं आला. परत जाताना माणसं गेली, सामान राहिलं. एक खुर्ची मला दातांच्या डॉक्टरांकडे सापडली, पेशंट बसायचे तिच्यावर. एक गच्चीवर, पापडांखाली. दोघींवर चंदेरी ऑइलपेंट होता. तो खरवडताना आतून लाकूड वर यायचं, तेव्हा मला जे वाटायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला कोणी नव्हतं, हेही खरं.

अशा अकरा वस्तू माझ्या दोन खोल्यांत होत्या. बाराव्या खुर्चीची बातमी युसूफभाईंनी आणली.

२

युसूफभाईंचं शनिवार पेठेत वेत विणायचं आणि पॉलिशचं दुकान होतं. माझ्या अकराही खुर्च्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आठवड्यातून एकदा मी ज्या माणसाशी पाच मिनिटांहून जास्त बोलत असे, असे ते एकटेच.

"विश्रांतवाडीला एक बाई आहेत," ते म्हणाले. "विजयमालाबाई. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. एक विलायती खुर्ची आहे म्हणतात, कुणाला तरी द्यायचीय."

आळंदी रस्त्यापासून आत एक बैठं घर होतं. विजयमालाबाई सत्तरीच्या, ताठ, पांढऱ्या सुती साडीतल्या. त्यांनी मला दारातच थांबवलं.

"त्या खुर्च्या जमवणाऱ्या तुम्हीच का?"

"हो."

"घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच."

"भाचरं? पाहुणेरावळे?"

"नाही."

"दुपारी घरी असता?"

"असते. पण मी खुर्ची बघायला आलेय, स्थळ म्हणून नाही."

त्या हसल्या नाहीत. बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "मग न्या."

ती खुर्ची लहान मुलाची होती. पाठीला एकच वळवलेली फळी, वेताची बैठक, आखूड हात. इतकी साधी आणि इतकी नेमकी की माझा हात आपोआप पट्टीसाठी पिशवीत गेला. ती टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून ठेवली होती. समोर एक मोठी खुर्ची होती.

"काय द्यायचं मी?"

"विकायची असती तर दाराबाहेर पाटी लावली असती," विजयमालाबाई म्हणाल्या.

रिक्षात खुर्ची ठेवताना त्या बाहेर आल्या नाहीत. आतूनच त्यांचा आवाज आला, "हळू." मला वाटलं, रिक्षावाल्याला म्हणाल्या.

३

युसूफभाईंनी खुर्ची उलटी करून फळकुटावर ठेवली आणि चष्मा वर सरकवला.

"बाई, हे बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं. वरच्या रूपात इतकी गुंतले होते की पायांकडे लक्षच गेलं नव्हतं. चारही पाय जोडलेले होते. वर मूळचं बर्च. त्याखाली दोन इंच साग. सागाखाली दीड इंच शिसव. जोड इतके सफाईदार होते की बोट फिरवलं तर कळत नव्हते. फक्त रंग बदलत जायचा, फिकटापासून काळ्यापर्यंत.

"दोन वेगळे हात आहेत," युसूफभाई म्हणाले. "सागाचं काम जुनं. शिसवाचं आठदहा वर्षांतलं."

"कुजले असतील पाय. कापून नवे लावले असतील."

"कुजले असते तर मूळ पाय आखूड झाले असते. हे पुरे आहेत. हे खाली वाढवलेत." त्यांनी खुर्ची पुन्हा सरळ केली. "कमी करायला लोक येतात, बाई. पलंग उंच झाला, टेबल उंच झालं, जरा काप म्हणतात. वाढवून द्या म्हणत माझ्या दुकानात कोणी आलेलं नाही. आणि लहान मुलाची खुर्ची कोण वाढवतं? मूल मोठं झालं की मोठी खुर्ची आणतात."

जुना वेत पार बसला होता. तो काढून त्यांनी नवा विणला, घट्ट, बोट मारलं तर डफासारखा वाजेल असा. चार दिवसांनी मी खुर्ची घरी आणली आणि विजयमालाबाईंकडे जशी होती तशीच ठेवली, खिडकीकडे पाठ करून, टेबलाशी, समोर माझी एक मोठी खुर्ची. तशीच का ठेवली, हे मी स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

४

मी चहा चारला घेते. खुर्ची आणल्याच्या तिसऱ्या दिवशी, चहा गाळत असताना बाहेरच्या खोलीतून आवाज आला. वेताची कुरकुर. खुर्चीत कुणी टेकताना होते तशी, एकदा, मग जरा सावरून बसल्यासारखी पुन्हा एकदा.

वेत ओला करून विणतात. सुकताना तो बोलतो. मी चहा प्यायले.

साडेचारला पुन्हा कुरकुर झाली, उलट्या क्रमानं.

पाच दिवस हे चारला आणि साडेचारला होत राहिलं, तेव्हा मी माझ्या पद्धतीनं उत्तर शोधायचं ठरवलं. बैठकीच्या चौकटीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणून बांधला. दोऱ्यापासून वेत किती खाली जातो, ते पट्टीनं मोजायचं. सकाळी चार मिलिमीटर. दुपारी सव्वाचारला अकरा. पाचला पुन्हा चार.

उन्हानं असेल म्हणावं तर ऊन त्या खिडकीत सकाळी येतं. हवेनं असेल तर बाकीच्या खुर्च्यांनाही तीच हवा होती. मी त्यांनाही दोरे बांधले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

वेत अकरा मिलिमीटर खाली जायला किती वजन लागतं? हा अगदी सरळ प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापडी पिशवीत गहू भरायला घेतले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक किलो मोजून. पंधरा किलोला आठ मिलिमीटर. अठराला साडेनऊ. एकवीस किलोला अकरा झाले.

एकवीस किलो. मी आकडा वहीत लिहिला आणि त्याच्यापुढं काही लिहिलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचं वजन किती असतं, हे ठाऊक असायला आई असावं लागत नाही.

पिशवी उचलून ठेवायचं राहिलं. दुपारी मी आत पडले होते. चारला कुरकुरीआधी एक दबका आवाज झाला. बाहेर येऊन पाहिलं तर पिशवी जमिनीवर होती. ती पडली असती तर गहू घरभर झाले असते. ती खुर्चीच्या डाव्या अंगाला, भिंतीशी, तोंड नीट मुडपून उभी होती.

मीच ठेवली असेन. असं मी पुष्कळ वेळा म्हणाले, मोठ्यानं, रिकाम्या खोलीत.

५

पहिल्या महिन्यात मी चारच्या आत बाहेर पडायची आणि पाचनंतर परतायची. दुसऱ्या महिन्यात जायचं राहून जाऊ लागलं. तिसऱ्या महिन्यात मी चहाचा कप घेऊन समोरच्या मोठ्या खुर्चीत बसायला लागले.

काही दिसत नव्हतं, हे स्पष्ट सांगते. समोर खुर्ची, मागं खिडकी, खिडकीत सोसायटीची भिंत. पण खोलीत एकटं असणं आणि नसणं यातला फरक डोळ्यांना कळावा लागत नाही. आईच्या शेवटच्या वर्षात ती बोलत नव्हती, हलत नव्हती, तरी मी कुलूप उघडून आत आले की घर भरलेलं असायचं. तसंच काहीसं. साडेचारला ते संपायचं. मग संध्याकाळ फार लांबायची.

दर पहिल्या तारखेला मी दोरा बांधून माप घेत असे आणि त्यावरून किलो काढत असे. एकवीस. साडेएकवीस. बावीस. कागदावर आलेख काढला. रेघ चढत होती.

फरशीवर आणखी एक गोष्ट झाली. खुर्चीपुढं, टाचा टेकाव्यात अशा ठिकाणी, शहाबादीवर दोन लहान गुळगुळीत डाग पडले, पायपुसण्यानं घासल्यासारखे. आधी ते खुर्चीच्या पायांजवळ होते. दिवाळीपर्यंत वीतभर पुढं सरकले. ज्याचे पाय लांब झालेत आणि खुर्ची ठेंगणी पडतेय, तो पाय असेच पुढं सोडून बसतो. हे मी वर्गात कित्येक पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं.

खोलीत दाटी वाटायला लागली म्हणून मी माझ्या खुर्च्या कॉलेजला द्यायला काढल्या. आधी तीन, मग पाच, मग समोरची मोठी सोडून उरलेल्या. दातांच्या डॉक्टरांकडची मी आठ महिने मागं लागून मिळवली होती. ती टेम्पोत चढवली तेव्हा मी दारातसुद्धा गेले नाही. चार वाजायला आले होते.

६

पुढच्या आषाढात मी खुर्ची घेऊन युसूफभाईंकडे गेले. सकाळी गेले, म्हणजे दुपारच्या आत परत येता येईल.

"दीड इंच वाढवून हवीय," मी म्हणाले.

त्यांनी हातातला पॉलिशचा बोळा खाली ठेवला. "कुणासाठी?"

"बसणाऱ्यासाठी. गुडघे वर येतात."

हे बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं. दुकानात पॉलिशचा वास होता, बाहेर एक सायकलवाला घंटी वाजवत होता, आणि मी काय म्हणाले ते आम्ही दोघंही ऐकत उभे होतो.

"बाई," युसूफभाई हळू म्हणाले, "तुमच्याकडे बसणारं कोण आहे?"

मी खुर्चीच्या पायाशी पट्टी धरून दीड इंच दाखवला.

"तुमची तब्येत बघा. वर्षाभरात अर्ध्या झालात. घरी सांगतो तर माझी बायको नूरबानू म्हणते, बाईंना आपल्याकडे घेऊन या, चार दिवस राहू द्या. आरशात बघता की नाही?"

"वय झालं, युसूफभाई."

"माझंही झालं. मी नाही वाळलो." त्यांनी खुर्चीला हात लावला नाही. "हे काम मी करणार नाही. माफ करा. तुमची कुठलीही वस्तू आणा, ही नको."

मी खुर्ची तशीच परत आणली. पण त्यांचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. त्या दुपारी पहिल्यांदा मी समोर बसले नाही. स्वयंपाकघरात दार लावून उभी राहिले. कुरकुर झाली. मग पुन्हा, आणि पुन्हा. कुणी वळून वळून बघत असावं तशी.

७

दुसऱ्या दिवशी मी विश्रांतवाडीला गेले. विजयमालाबाई खाटेवर पडून होत्या. एक शेजारीण त्यांचं करत होती, तिला त्यांनी बाहेर पाठवलं. मी बसायच्या आधीच त्यांनी विचारलं,

"किती झालं आता?"

मी त्यांना दोऱ्याचं सांगितलं नव्हतं, गव्हाचं सांगितलं नव्हतं. त्या कशाबद्दल विचारतायत, हा प्रश्नही मला पडला नाही.

"सव्वीस," मी म्हणाले.

"सव्वीस!" त्या कोपरावर उठल्या. डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याकडे आलं तेव्हा सोळा होतं. वॉर्डातला जुना काटा होता माझ्याकडे, त्यावर खुर्ची ठेवायची मी. अकरा वर्षांत वीसवर आलं. अर्धा किलो वाढलं तर मी आठवडाभर खूश असायची. आणि तुमच्याकडे दीड वर्षात…" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गळ्याच्या हाडांकडे, मनगटांकडे. नर्स बघते तसं. "तुमच्याकडे मानवलंय त्याला."

"कोण आहे ते?"

"मी विचारलं नाही."

"तुम्हाला कुणी दिली ती खुर्ची?"

"एक परदेशी बाई होती. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिचं केलं. तिनंही मला एवढंच विचारलं, दुपारी घरी असतेस का." त्या पुन्हा आडव्या झाल्या. "पहिला जोड तिचा. दुसरा माझा. पुढं मला झेपेना."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भीती वाटली असती तर बरं झालं असतं," विजयमालाबाई म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, "किती वाजले?"

"सव्वातीन."

"मग इथं काय करताय?"

८

मी घरी गेले नाही. बसनं शनिवार पेठेत गेले आणि युसूफभाईंना म्हणाले, "घेऊन जा ती. कॉलेजला ठेवा बाकीच्यांबरोबर. तिथं माणसं असतात."

 त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. नूरबानूंनी मला बळंबळं जेवायला घातलं. दुसऱ्या दिवशी दोनला निघायचं ठरलं होतं. टेम्पोवाला उशिरा आला, मग नदीच्या पुलावर गर्दी लागली. कर्वेनगरला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

आमची गल्ली अरुंद. टेम्पो मागं घेऊन आत आणायचा होता. युसूफभाई ड्रायव्हरला दिशा दाखवायला कोपऱ्यावर थांबले. मी पुढं निघाले, भिंत आणि इमारत यांच्यामधल्या पट्ट्यातून, माझ्या खिडकीवरून.

या वेळी मी एकतर आत असायची, नाहीतर लांब कुठंतरी. दीड वर्षात चार वाजता ती खोली बाहेरून मी एकदाही पाहिली नव्हती.

खिडकी उघडी होती. गजांपलीकडे, हातभर अंतरावर, खुर्चीची पाठ होती. त्या पाठीच्या वर एक मान होती. बारीक, किंचित पुढं झुकलेली, लोंबत्या केसांतून मधलं हाड वर आलेलं. समोरची मोठी खुर्ची रिकामी होती, आणि डोकं त्या खुर्चीकडे नव्हतं. ते दाराकडे वळलेलं होतं आणि अजिबात हलत नव्हतं.

मी गज धरला. पळावं असं वाटलं, हे खरं आहे.   मन मात्र दुसरंच काही बघत होतं.

मागून पावलं आली. युसूफभाई होते, खांद्याला अवजारांची पिशवी.

"चावी द्या, बाई. दोन मिनिटांत काढतो."

ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनीही आत पाहिलं. त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही. त्यांचा हात पिशवीच्या पट्ट्यावर घट्ट आवळला गेला आणि ते पुटपुटत एक पाऊल मागं गेले.

"राहू द्या," मी म्हणाले. "टेम्पो परत पाठवा."

"बाई, चला इथून. आत्ता चला. घरी नूरबानू वाट बघतेय."

"तुमच्या पिशवीत कात्री असेल ना?"

"काय?"

"कात्री. जरा द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून कात्री काढली आणि माझ्या हातात न देता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ते वळले आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागले. पुन्हा ते माझ्याकडे कधी आले नाहीत.

मी कात्री उचलली आणि कुलूप उघडलं. केस पार मानेखाली आले होते, वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले. इतकी वर्षं समोर बसलेल्या आम्हा तिघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं.